खिडकी क्रमांक तीन

जून सरता सरता पॉपलरचा कापूस उडतो
आणि माझ्या शिक्क्याच्या शाईत येऊन बसतो.
तेव्हा ओळखायचं, प्रवेश सुरू झाले.
पलीकडे नारिन नदी, मातकट, घाईत.
अलीकडे रांग, तीही घाईत.

फळ्यावर अभ्यासक्रम मीच लिहिते दरवर्षी खडूने,
छापील तक्त्याला सरकारी विद्यापीठाकडे पैसे नसतात:
सीमाशुल्क. हिशेब. पशुवैद्यक.
पर्यटन, इंग्रजीसह.
वीज-अभियांत्रिकी, म्हणजे धरणावर नोकरी,
निदान आईबापांचा तसा समज.
आणि अगदी खाली, जिथे लिहिताना गुडघा टेकावा लागतो,
अध्यापक विद्यालय.
फी माफ. वसतिगृह मिळेल. जागा शिल्लक.

जागा नेहमीच शिल्लक.
"कस्टम्सला तीन गुण कमी पडले, एजेके,
मग इथंच घाला नाव," म्हणतात पोरं,
जशी बसमधली चाकावरची सीट,
कुणीतरी बसायचंच तिच्यावर.
मी नाव घालते. शिक्का मारते.
तेवीस वर्षं मारतेय.

अर्जात अकरावा रकाना आहे:
हा अभ्यासक्रम का निवडला?
बहुतेक जण कोरा सोडतात.
कुणी लिहितं, मुलांची आवड,
की मागचाही तेच उतरवतो,
शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

सायरागुल ओस्कोनबाएवाने मात्र लिहिलं:
आमच्या गावात गणिताला चार वर्षं कुणी नाही.
व्यायामाचे सर शिकवतात.
पाढा चुकला की उड्या मारायला लावतात.
आम्ही उड्या फार छान मारतो.

मी हसले.
मग पाणी प्यायला उठले.

जानेवारीत पोरं सरावपाठाला गावोगाव जातात,
आणि तुर्दुबेक आगाय शेवटच्या बाकावर
कोट न काढता बसून वहीत मिनिटं लिहितात.
वही माझ्याकडे येते, टंकायला.
बाहेर उणे अठ्ठावीस. बोटं कळांवर अडखळतात.

आठवं मिनिट: शेगडीत कोळसा घालायला थांबली. वेळ वाया.
अकरावं: आवाज बरा. पाठ मुलांकडे.
चौदावं: फळ्यावर सात आठे चोपन्न.
पंधरावं: दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, छप्पन्न.
सोळा, सतरा, अठरा
कोरी.
एकोणिसावं नाहीच.

"आगाय, इथे काय टंकू?"
त्यांनी चष्मा पुसला, टोपी पुसली, पुन्हा चष्मा.
"ती रागावली नाही गं. म्हणाली, कशावरून छप्पन्न?
मग ती चिमुरडी उठली, फळ्यावर कोंडवाडे काढले,
प्रत्येकात आठ मेंढ्या.
पाचव्याला फळा संपला.
उरलेले दोन भिंतीवर काढले.
अख्खा वर्ग भिंतीपाशी. मीसुद्धा.
घड्याळ बाकावरच राहिलं."

"मग काय टंकू?"
"कोरंच ठेव."

संगणक कोरं घेत नाही.
लाल चौकट दाखवतो: गुण भरा.
मी छप्पन्न भरले.
शंभरापैकी, हे नंतर ध्यानात आलं.
बिचारी जेमतेम पास.

या जूनमध्ये आली खिडकीशी.
केस कापलेले, हातात ओलावलेली फाईल.
कस्टम्सच्या दुसऱ्या वर्षात एक जागा रिकामी झालीय म्हणे.
बदली होईल का?
मावशी सीमेवर आहे, ती म्हणते, पगार तिप्पट.
आणि हे म्हणताना ती माझ्याकडे नाही,
फळ्यावर बघत होती,
खालच्या ओळीकडे की वरच्या, ते काचेतून कळेना.

अडवणारी मी कोण?
माझी स्वतःची मुलगी मॉस्कोत हॉटेलच्या गाद्या घालते,
तिचाही अर्ज मीच भरला होता.
फॉर्म काढून दिला. तिने भरला.
अकरावा रकाना कोरा.

शिक्का समोरच होता, कापूस चिकटलेला.
मी खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.
"सापडत नाही," म्हटलं. "दुपारी ये."

दुपार होऊन गेली.
रांग सरली. नदी तशीच.
दोनदा चहा गार झाला.